व्हय म्हणायला बंदी

आमच्या दवाखान्यात 'व्हय' म्हणायला बंदी आहे. ती सरकारनं घातलेली नाही, वॉर्डातले शिपाई सत्तारचाचा यांनी घातली आहे. सुट्टी झालेला पेशंट पिशवी उचलून निघाला की ते दारात आडवे उभे राहतात.

"गोळ्या कशा घ्यायच्या, समजलं?"

"व्हय."

"व्हय म्हणायचं न्हाय. सांगून दाखवा."

बेंबळी गावच्या एका आजोबांच्या यात दोन एसट्या चुकल्या. "बाबा, परत भरती करून घे, पर हे नगं," असं ते काकुळतीला येऊन म्हणाले. तरी जेवणाआधीची गोळी चाचांनी त्यांच्याकडून वदवून घेतलीच. वर पाकिटावर पेनानं नाव लिहिलं, घरी रोज 'गोळी घेतली का' म्हणून विचारणाऱ्याचं. आजोबांच्या पाकिटावर सुनेचं नाव गेलं. नाव लिहिल्याशिवाय चाचा दारातून हलत नाहीत.

मी इथली सिस्टर. वर्षानुवर्षं तेच तेच समजावून घसा बसलाय आणि उत्साहही. मध्ये वरून एक साहेब आले. कमी खर्चात रुग्णशिक्षण कसं करायचं, याची योजना आखायची होती. तासभर पडद्यावर चित्रं दाखवून त्यांनी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" आम्ही एका सुरात हो म्हणालो. चहा घेऊन आलेले चाचा तिथंच थांबले.

"साहेब, हो म्हणत्यात लई जण. एकेकाला सांगून दाखवायला लावा."

कुणी मान वर करेना. साहेबांनी घाईघाईनं चहा संपवला. पुढं पोस्टरं आली, ती अजून जिन्याखाली गुंडाळून पडलीत.

गेल्या महिन्यात चाचांनाच वॉर्डात चक्कर आली. रक्तदाब फार वाढला होता. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी पाकीट हातात घेतलं आणि चाचांकडून सगळं वदवून घेतलं. खोटं कशाला सांगू, मजा येत होती.

"आता सांगा, घरी विचारणार कोण?"

चाची गेल्या, मुलगी लांब दिलेली, हे मला माहीत होतं. तरी तोंडातून गेलंच. चाचांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि पाकिटावर लिहिलं, 'सत्तार'.

"ज्येला कोन न्हाय, त्येच्या पाकिटावर मी हेच लिवतो, सिस्टर. सकाळी फोन करतो त्येंला."

मी ते नाव खोडून माझं लिहिलं.

"रोज सकाळी मी विचारीन. खरं खरं सांगाल ना?"

"व्हय," चाचा खाली बघत म्हणाले.

तेवढं एक व्हय मी चालवून घेतलं.