आधी गच्ची दाखवा!

आमच्या शेजारचे भानुदासकाका कुणाच्याही घरी गेले की आधी गच्ची बघायला मागतात. चहाबिहा नंतर. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून हातात चुन्याची बादली अन् तोंडात जगाची खबरबात. गच्ची चुन्यानं पांढरी केली की ऊन परत फिरतं, घर गार राहतं, हा त्यांचा हेका.

"सर, तिकडं ध्रुवावरचा बर्फ लई वितळायलाय, अन् तुमची गच्ची अजून काळीच?"

जणू मीच तो बर्फ फ्रीजबाहेर विसरलो होतो! परदेशात कुठं जंगल पेटलं, कुठं पूर आला, की काका सकाळीच कॉलनीभर सांगत फिरणार, चेहरा घरच्या कुणाला काही झाल्यासारखा. "दुनियेचं आपल्या हातात नाय सर, पण स्लॅब तर हाय!" हे पालुपद. खरं सांगतो, मी त्यांना टाळायचो.

या मे महिन्यात मात्र आमची पाचावर धारण बसली. खुब्याचं हाड मोडून आई खाटेवर पडलेली. घर एकमजली, डोक्यावर थेट स्लॅब. दिवसदिवस लाइट नाही, कूलर बंद. आई धड बोलेना, डोळे उघडेना. डॉक्टर म्हणाले, "खोली थंड ठेवा, नाहीतर अवघड आहे." ठेवा म्हणे! कशी ठेवू?

काकांना कळलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते न विचारता बादली घेऊन तडक आमच्या गच्चीवर. थोड्या वेळानं बायकोची किंकाळी, "अगं बाई, माझ्या कुरडया!" वाळवणाची साडी काकांनी बाजूला सरकवली, ती नेमकी ओल्या चुन्यावर. कुरडया गेल्या कामातून.

"वहिनी, पांढऱ्यात पांढरं, दिसलंच नाय की!"

दोन दिवसांत खोली निवली. आई घोटभर पेज प्याली अन् मला म्हणाली, "दाढी का नाही केलीस रे?" मला रडूच फुटलं. त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

पेढे घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो, तेव्हा लक्षात आलं. अख्ख्या गल्लीत काळी गच्ची उरली होती ती एकट्या काकांचीच.

"काका, तुमची?"

"आता आत कोण झोपतंय सर? मी ओट्यावरच पडतो." पेढा हातातच धरून म्हणाले, "आमची ही अशाच उन्हात गेली. कंपनीत फोन केला होता तिनं, लई गरम व्हायलंय म्हणून. मी म्हटलं, उन्हाळा हाय, होणारच. अन् ठेवला फोन."

बायकोनं कुरडयांचं नावही काढलं नाही. सकाळी आम्ही बादली घेऊन त्यांच्या गच्चीवर चढलो. काका जिन्यातच बसून राहिले, वर येईनात. निम्मं काम झाल्यावर हळूच डोकावले.

"सर, तो कोपरा दोनदा मारा," म्हणाले. "तिची खाट त्याच्याच खाली असायची."