औटी सरांचं स्पेशल

औटी सर फॉर्म फाडायचे. स्वतःचे नव्हेत, पोरांचे. आणि तेही माझ्या खिडकीसमोर, मी शिक्का उचललेला असताना.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नगरच्या एका कॉलेजात मी कारकून होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला जाताना मुलांना एक स्पेशल विषय निवडावा लागे आणि ते फॉर्म माझ्याकडे येत. जून आला की माझं डोकं उठायचं. पोरांनी मराठी लिहायचं, खोडायचं, इतिहास लिहायचा, तोही खोडायचा, मग मित्राच्या फॉर्मात डोकावून अर्थशास्त्र लिहायचं. शेवगावकडचं एक पोरगं तर मलाच म्हणालं, "तुमीच लिवा ना काय तरी. मला समदंच आवडतंय." मी काय लिहिणार? मला जेवणाची सुट्टी आवडायची.

औटी सर तत्त्वज्ञान शिकवत. मूळचे सुप्याकडचे. उंच, जरा वाकलेले, सदऱ्याचा खिसा फाडलेल्या फॉर्मांनी फुगलेला. कोरी बाजू वाया कशाला घालवायची, म्हणून त्यावर ते टिपणं काढत. रांगेत एखादा गोंधळलेला चेहरा दिसला की त्याचा फॉर्म काढून घ्यायचे आणि टरकन फाडायचे. "खोडू नकोस. नवा घे. आधी चहा पिऊ."

हा चहा म्हणजे सरांची परीक्षा. फाटकाबाहेरच्या टपरीवर पोराला बसवायचं आणि अभ्यासाचा विषय सोडून बाकी सगळं विचारायचं. विहीर, बैल, तमाशा, क्रिकेट, सोयरीक. ज्या गोष्टीवर बोलताना पोरगं चहा विसरेल, तिथं त्याचा विषय दडलेला. "चहा निवला की विषय सापडला," असं त्यांचं ठाम मत होतं. चुलत्याच्या बांधाचं भांडण सांगता सांगता एकाच्या चहात माशी पडली तरी तो थांबला नाही. त्याला राज्यशास्त्राला पाठवलं. दुसऱ्याचा चहा कशावरच निवेना. तीन कप प्यायला. सर म्हणाले, "तू अर्थशास्त्र घे. फुकटचं तुला कळतं."

या चहापायी माझी रांग तासन्‌तास अडायची आणि कोरे फॉर्म संपायचे. बोलायची सोय नव्हती, कारण सरांनी माझं घड्याळ दुरुस्त करून दिलं होतं. ते तेव्हापासून दहा मिनिटं पुढं धावतं, पण उपकार तो उपकारच. सर बाजाच्या पेट्या दुरुस्त करत, लिंबाची कलमं बांधत, मोडी वाचत. घरी एकटेच असल्यामुळं वेळही भरपूर. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र त्यांच्यावर राग होता. "औटी, आमची गिऱ्हाइकं इकडची तिकडं का करता? दुकान स्वतःचं चालवा की!"

त्यात तथ्य होतं. इतके कप चहा झाले, पण सरांनी एकालाही स्वतःच्या विषयाकडं पाठवलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बरं दिसत नाही ते, जाधव."

त्या वर्षी प्राचार्यांनी निक्षून सांगितलं, आठ विद्यार्थी नसतील तर तत्त्वज्ञानाचं स्पेशल बंद. मग सरांकडं उरणार होतं फक्त पहिल्या वर्षाचं तर्कशास्त्र, तेही वर्गभर जांभया देणाऱ्या पोरांना. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत सात जण झाले होते. सर दिवसातून दोनदा खिडकीशी येत आणि काही न विचारता परत जात.

शेवटच्या दिवशी चार वाजता बेलापूरची शमीम वडलांना घेऊन आली. वडील हसनभाई गावात शिलाईचं दुकान चालवत. पोरगी वर्गात पहिल्या पाचांत. फॉर्मावर मराठी, इतिहास, भूगोल एकाखाली एक खोडलेलं आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलेलं, तत्त्वज्ञान. खाडाखोड पाहून एरवी मी फॉर्म परत केला असता. त्या दिवशी मुकाट शिक्का उचलला.

"सायब, ह्यात मास्तरीन हुता येतंय न्हवं?" हसनभाईंनी विचारलं. "घरात लगीन लावा म्हनत्यात. मी म्हनलं, पोरगी नोकरीला लागू द्या. न्हाईतर माझं तरी कोन ऐकतंय?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला. "नाही होता येत, हसनभाई. शाळेत तत्त्वज्ञान शिकवत नाहीत. मास्तरीण व्हायचं तर शाळेतला विषय हवा."

"पण सर, मला तुमचाच तास आवडतो," शमीम म्हणाली.

सर त्या फॉर्माकडं बघत राहिले. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होतो, गप्प बसा, गप्प बसा. ते म्हणाले, "जाधव, चहा सांगा."

चहा खिडकीवरच आला. सरांनी विचारलं, "बेलापुरात प्रवरेला पाणी कसं आहे गं?" झालं. कालव्याच्या अलीकडं ऊस आणि पलीकडं नुसती बाजरी का, काळी जमीन भेगाळते कशी, प्रवरा गोदावरीला कुठं मिळते... पोरगी माझ्या फळीवरच्या धुळीत बोटानं नदी काढायला लागली. हसनभाई दोनदा म्हणाले, "शमे, च्या पी की!" तिला ऐकूच गेलं नाही.

सरांनी फॉर्म फाडला.

"सर, आठवा होता तो," मी हळूच म्हणालो.

"मला मोजता येतं. नवा द्या. भूगोल लिही बाळ. आणि खाडाखोड नको."

आठवड्यानं स्पेशल बंद झाल्याची नोटीस मीच टाइप केली. सरांनी त्या सात जणांना एकेक करून टपरीवर नेलं, प्रत्येकाला दुसरा विषय शोधून दिला आणि सातही नवे फॉर्म माझ्यापुढं आणून ठेवले. माझा संताप झाला. म्हटलं, "एक फॉर्म फाडला नसता तर काय आभाळ कोसळलं असतं? पोरगी हुशार होती, निभावून नेलं असतं तिनं!"

सर खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. म्हणाले, "जाधव, माझा फॉर्म माझ्या थोरल्या भावानं भरला. मला गणित आवडायचं, गाणं आवडायचं, झाडं आवडायची. रांग छोटी दिसली, म्हणून त्यानं तत्त्वज्ञान लिहिलं. त्याला शेतावर परत जायची घाई होती. दहा-बारा वर्षं मी नुसतं रेटलं. आवडायला लागलं ते अलीकडं. खरंच आवडायला लागलं हो. आणि आता शिकायला कोणी नाही."

मी फॉर्मांवर शिक्के मारत बसलो.

सोमवारी अकराला सर हातात खडू घेऊन स्पेशलच्या रिकाम्या वर्गात शिरताना दिसले. वेळापत्रकावरचा तो तास खोडायचं काम माझं, ते राहून गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. तास खोडायला म्हणून उठलो, खिडकी लावली आणि वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसलो. सर फळ्याकडं वळले आणि तासभर शिकवत राहिले.

मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पुढच्या सोमवारी मी परत गेलो.