पंचकोनी कॅरम

डोंगरकड्याजवळच्या एका वस्तीशाळेत साधना मॅडमनी दुसरीला गृहपाठ दिला: घरून एक गोल, चौकोनी किंवा त्रिकोणी वस्तू आणा. मागच्या तपासणीत अख्ख्या वर्गानं त्रिकोणाला एकसुरात समोसा म्हटलं होतं. उद्या विस्तार अधिकारी पुन्हा येणार होते. पुन्हा समोसा निघाला, तर मॅडमना मे महिन्यात पंधरा दिवस हिंगोलीला प्रशिक्षणाला बसावं लागणार होतं. आठ मेला त्यांच्या सख्ख्या बहिणीचं लग्न होतं.

सकाळी सृष्टीनं गोल वस्तू आणली, ग्रामपंचायतीचा शिक्का. आजोबा सरपंच असले की गृहपाठ सोपा जातो. सोहेलनं चौकोनी म्हणून बापाच्या रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन आणलं. रत्नपालला घरात त्रिकोणी काहीच सापडलं नाही. म्हणून त्यानं पारावरच्या कॅरमचा एक कोपरा करवतीनं कापून आणला.

"मॅडम, याला भोक बी हाय," तो म्हणाला. "म्हंजे गोल बी झालं."

मॅडम खाली बसल्या.

दहा वाजेपर्यंत गावाचा कारभार थांबला आणि शाळेत आला. पुढे सरपंच दगडोबा, मागे रेशनवाले लतीफभाई, त्यांच्यामागे रेशनची रांग, नंबर न मोडता. शेवटी कॅरमचे मालक गुलाबसिंग, डोक्यावर कापलेला कॅरम घेऊन.

"शिक्का द्या मॅडम. तीन दाखले अडकलेत."

"मशीन काहून आणलं रे?" लतीफभाईंनी पोराला विचारलं.

"मॅडमनी चौकोन सांगितला."

"घरात फरशी न्हवती का?"

"निघंना."

तेवढ्यात बाहेर साहेबांची मोटरसायकल थांबली. वर्ग लवकर रिकामा व्हावा म्हणून मॅडम म्हणाल्या, "आकार सांगा, वस्तू न्या. एकेक जण."

दगडोबांनी शिक्का निरखला. "शिक्का हाय."

"आबा, आकार," सृष्टीनं हवेत बोट फिरवलं. "वर्तुळ म्हणा."

"वर्तुळ," सरपंच म्हणाले आणि सुटले. सोहेलनं बापाला आयत पाठ करून दिला. गुलाबसिंग मात्र अडले.

"मी काय सांगू? काल चौकोन होता."

रत्नपालनं बोट लावून कोपरे मोजले. "पाच. पंचकोन झाला, काका."

"पाच कोपरे अन् भोकं तीन. खेळावं कसं?"

दारात उभ्या साहेबांनी हेल्मेट काढलं. "पंचकोन दुसरीच्या पुस्तकात नाही," ते हळूच म्हणाले, आणि शेरेबुक मागवलं. 'मुले पालकांना भूमिती शिकवतात. अनुकरणीय,' असं त्यांनी लिहिलं. रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"मॅडम, तुम्हाला प्रशिक्षणाला बसायची काही गरज नाही."

मॅडमनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही ते द्यायचं. सगळ्या तालुक्याच्या शिक्षकांना. एक ते पंधरा मे."

मॅडमचे हात जोडलेलेच राहिले.

"आणि येताना," हेल्मेट घालत साहेबांनी गुलाबसिंगांकडे बोट दाखवलं, "कॅरम घेऊन यांनाही आणा."