सिंक चमकलं, पण वापरायचं कुणी?

गेल्या रविवारी मी स्वयंपाकघरातलं सिंक चमकवायचं ठरवलं. एवढंच. यात कुणाला त्रास व्हावा असा माझा अजिबात हेतू नव्हता.

बायको, सत्यशीला, तिच्या आईला आणायला सिंदेवाहीला गेली होती. मागच्या खेपेला सासूबाई आमच्या भद्रावतीच्या घरी आल्या, तेव्हा सिंककडे बघून त्यांनी विचारलं होतं, "हे स्टीलचं हाय का जर्मनचं?" त्या दिवशी सत्यशीलाच्या वरणात मीठ नव्हतं.

दोष आमच्या बोअरच्या पाण्याचा. पांढऱ्या थराखाली स्टील पार दिसेनासं होऊन सिंक खरंच जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यासारखं दिसत होतं. मी खायचा सोडा भुरभुरवला, वर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला तसा मी दोन पावलं मागे सरलो. (ऑफिसातही मी असाच सरतो.) मग अर्ध्या लिंबानं घासलं. आडवंतिडवं नाही, स्टीलच्या रेषा जातात तसंच, कारण मोबाइलवरच्या एका बाईंनी तसं बजावलं होतं. कोपऱ्यांसाठी टूथब्रश घेतला. (तो माझाच होता, हे नंतर कळलं.) शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून खोबरेलाचा हात फिरवला.

आणि सिंक चमकलं. इतकं, की त्यात मला माझं टक्कल दिसलं आणि तेही बरं वाटलं.

पंचाईत पुढेच झाली. चहाचा कप विसळायला गेलो, तर नळाखाली धरवेना. एक थेंब पडला की डाग पडणार. कप बाथरूममध्ये नेऊन धुतला. त्यामागून कुकर गेला, कढई गेली. दुपारी मी बनियन आणि टॉवेलवर बाथरूममध्ये उकिडवा बसून भांडी घासत होतो. तेवढ्यात दारात सासूबाई. संध्याकाळची बस सोडून त्या दोघी दुपारच्याच बसने आल्या होत्या.

"जवाईबापू, इथी काऊन भांडे घासून राह्यले?"

"आई, सिंकमध्ये घासता येत नाही."

सासूबाई सावकाश लेकीकडे वळल्या. "सत्या, जवायाले भांडे घासू लावतं, त लाव. तुह्या बापानंबी घासले. पन त्याले स्वयंपाकघरात येऊ देत नाई?"

"मी काय केलं माय? मी त तुह्या घरी होती."

"म्हनूनच म्हनतो. तू नसतानाबी बिचारा भेऊन राह्यला."

मी घाईघाईनं दोघींना सिंकपाशी नेलं. सत्यशीला बघतच राहिली. तिनं हळूच कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे अशी बघून हसली, की माझ्या दुखऱ्या खांद्यांचं सार्थक झालं. सासूबाई वाकल्या, सिंकमध्ये बघून त्यांनी कुंकू नीट केलं.

"मस्त झालं," त्या म्हणाल्या. "मले फिकर होती का मासे कुठी साफ करू."

असं म्हणून त्यांनी पिशवी उपडी केली. सिंदेवाहीच्या तलावातले ताजे मासे खोबरेलावरून सर्रकन घसरत जाळीपाशी जमा झाले. मी फडकं घेऊन पुढे झालो. सत्यशीलानं माझा टॉवेल मागून धरला. तो सुटेल या भीतीनं मी थांबलो. सिंकभर खवले चिकटत गेले.

कालवण मात्र असं झालं होतं, की मी तिसऱ्यांदा भात घेतला.

"सिंक खरंच छान निघालं होतं," वाढताना सत्यशीला हळूच म्हणाली. मी ताठ बसलो. पलीकडे सासूबाई सिंदेवाहीला सुनेशी फोनवर बोलत होत्या.

"जवायाच्या हाताले गुन हाय वं. आपलं सिंक आता घासू नको, तसंच राहू दे. दिवाळीले येऊन राह्यले ते."