एक समाधानी ग्राहक पाहिजे

"पंचवीस वर्सांत एक तरी गिऱ्हाईक खूश झाला आसंल का नाय?" अध्यक्ष बुधाजीशेठनी विचारलं, आणि बैठकीत जमलेले सगळे बिल्डर एकदम आपापल्या मोबाइलमध्ये महत्त्वाचं काहीतरी शोधू लागले.

पनवेल बांधकाम व्यावसायिक मंडळाचा रौप्यमहोत्सव पंधरा दिवसांवर आला होता. हॉल ठरला होता, जिलेबी ठरली होती, मुंबईचे एक मोठे पाहुणेही ठरले होते. पण या पाहुण्यांनी फोनवर सहज सुचवलं होतं, की बिल्डरांनी बिल्डरांच्याच गळ्यात हार घालण्यापेक्षा एखाद्या समाधानी ग्राहकाचा सत्कार करावा. बुधाजीशेठ गडी मोकळा. जासईची शेती कंटेनरच्या बंदरासाठी गेली तेव्हा त्यांनी नांगर ठेवून सिमेंट धरलं, आणि तेव्हापासून त्यांना कुणाला नाही म्हणता आलेलं नव्हतं. "एक कशाला, धा आणतो!" असं ते पाहुण्यांना सांगून मोकळे झाले होते.

"चारुदत्त, तुमी शोधा," ते म्हणाले. "तुमची भाषा गोड हाय."

चारुदत्त प्रधान हे मंडळाचे कार्यवाह. त्यांच्या नावावर दोन लहान इमारती होत्या. बाकी आयुष्य मंडळाची इतिवृत्तं लिहिण्यात गेलं होतं. घरी जाऊन त्यांनी बायकोला ही अडचण सांगितली. कोमलताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मग आपणच बांधलेल्या बिल्डिंगमधला घे की कुणीतरी." चारुदत्तांनी लगेच भाजीचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी ते टपाल नाक्याजवळ राहणाऱ्या चंद्रावतीबाईंकडे गेले. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. खजिनदार महादेवशेठनी बांधलेल्या इमारतीत त्यांचा फ्लॅट होता, आणि बाई कुणाला वाईट बोलत नाहीत अशी महादेवशेठची खात्री होती.

"समाधानी? आहे ना," चहा पुढे करत बाई म्हणाल्या. "फक्त तेवढा बाथरूमचा नळ जरा फिरवून बघता का?"

चारुदत्तांनी फिरवला. नळ हातात आला. भिंतीतून पाण्याची धार थेट त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर आली. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून ते उभे राहिले, आणि प्लंबर येईपर्यंत बाईंनी दारात खुर्ची टाकून त्यांना फ्लॅटचा इतिहास सांगितला. वर्गातून बाहेर जायची परवानगी नसलेल्या विद्यार्थ्याप्रमाणे त्यांनी तो पूर्ण ऐकला.

नवा नळ बसल्यावर बाईंचा चेहरा खुलला. "आता मी नव्वद टक्के समाधानी आहे हं."

"आणि उरलेले दहा?"

"ती ओल दिसतेय ना भिंतीला? ते दहा."

चारुदत्तांनी रंगारी पाठवला. इथेच त्यांचं चुकलं. कारण चंद्रावतीबाईंनी कुणाला वाईट सांगितलं नाही, पण चांगलं मात्र सगळ्यांना सांगितलं. दोन दिवसांत गावभर झालं, की मंडळाची माणसं समाधानी ग्राहक शोधत फिरतायत. जरा तोंड वाकडं केलं तर नळ मिळतो, आणि थोडं आणखी वाकडं केलं तर रंगसुद्धा.

मग काय विचारता! ज्या बिचाऱ्यांनी वर्षानुवर्षं तक्रार केली नव्हती, त्यांनाही आपल्या घरात काय काय बिघडलंय ते दिसू लागलं. एका गृहस्थांनी सकाळी फोनवर फ्लॅटची तोंड भरून स्तुती केली, आणि संध्याकाळी चारुदत्त हार-तुऱ्याचं बोलायला गेले तर म्हणाले, "सकाळी मी घाईत होतो हो. आत या, खिडकी दाखवतो." खुद्द चंद्रावतीबाई साठ टक्क्यांवर घसरल्या, कारण समोरच्या बिऱ्हाडाला नवं बेसिन मिळालं होतं. सगळे प्लंबर समाधान वाटत फिरत असल्यामुळे महादेवशेठचं चालू काम बंद पडलं.

"चारुदत्त, हा तुमचा महोत्सव आवरा!" महादेवशेठ फोनवर ओरडले. "माझ्या साइटवर एक माणूस नाही!"

कार्यक्रमाला तीन दिवस उरले तेव्हा चारुदत्त बुधाजीशेठसमोर जाऊन बसले. "शेठ, नाही मिळत. पाहुण्यांना काहीतरी सांगा."

बुधाजीशेठनी डोळे मिटले, बराच वेळ आठवलं, आणि मांडीवर थाप मारली. "करंज्याचा दाजी नाखवा! बारा वर्सांपूर्वी वडाळे तलावामागं माझ्या बिल्डिंगीत फ्लॅट घेतला, त्यानं एक फोन नाय केलान कवा!"

चारुदत्तांनी तिथूनच नंबर लावला. पलीकडून कसल्यातरी लिलावाचा गलका ऐकू येत होता.

"दाजी, फ्लॅटबद्दल काही कंप्लेंट?"

"कसली? फस्क्लास हाय."

"पाणी?"

"पान्याचा कदी तरास नाय."

"गळती वगैरे?"

"येक थेंब नाय."

"शेजारी?"

"आजून येकदा पन भांडान नाय."

चारुदत्तांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आलेलं पाणी पाइपमधून आलेलं नव्हतं. "दाजी, आमच्या कार्यक्रमाला याल? तुमचा सत्कार करायचाय."

"जेवन हाय?"

"आहे."

"मंग येतो. बायको पन येल. गाडी करंज्याला बंदरावरच पाठवा."

गावाकडे गेले असतील, असं म्हणून चारुदत्तांनी गाडी बंदरावर पाठवली.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. दाजी पांढऱ्या टोपीत, त्यांची बायको ठमाबाई हिरव्या लुगड्यात, अंबाड्यावर अबोलीची वेणी. दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. महादेवशेठनी हवा खेळती ठेवण्याच्या कलेवर भाषण केलं. बुधाजीशेठनी दाजींच्या इमारतीच्या भिंतींची अशी तारीफ केली की शिवाजी महाराजांचे किल्ले जरा कच्चेच वाटावेत. मग चारुदत्तांनी दाजींना स्टेजवर बोलावून माइक पुढे धरला.

"दाजी, आमच्या इमारतीत राहण्याचा तुमचा अनुभव सांगा."

"राहन्याचा?" दाजी गोंधळले. "मी कवा राहिलो?"

"म्हणजे?"

"मी करंज्याला राहतो. फ्लॅटला कुलूप हाय, ही काय चावी." दाजींनी कमरेची चावी काढून सगळ्या हॉलला दाखवली. "म्हनून तर तक्रार नाय!"

हॉल असा हसला की पाहुण्यांच्या हातातला ग्लास हिंदकळला. चारुदत्तांनी माइक पाठीमागे लपवला. पण बुधाजीशेठनी उडी मारून माइक हिसकावला. "ऐकलांव? नुसती चावी कमरेला हाय तर मानूस येवढा खूश! राहिला आसता तर काय झाला आसता?" पाहुण्यांनीच पहिली टाळी दिली, मग सगळ्यांनी दिली. शाल पडली, नारळ दिला, फोटो निघाला. निभावलं, असं मनात म्हणून चारुदत्तांनी घाम पुसला.

जेवणं सुरू झाली. चारुदत्त पहिली जिलेबी उचलतात तोच ठमाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, त्या फ्लॅटात पानी येतं?"

"चोवीस तास, ताई," चारुदत्त सवयीने म्हणाले.

"लाइट हाय?"

"बारा वर्षं झाली."

ठमाबाईंनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. "मला तर सांगतांव आजून काम चालू हाय म्हनून!"

दाजींनी चारुदत्तांचा दंड धरला आणि त्यांना जिलेबीच्या कढईमागे ओढत नेलं. "सायब, घात झाला. तिला पनवेलात राहायचं हाय. मला नाय. माझी होडी तिकडं, माझी मानसं तिकडं. हितं येऊन गॅलरीत बसून रिक्षा बघू? फ्लॅटचा कायतरी वायट सांगा तिला."

"आम्ही? आम्ही कसं सांगणार?"

"मंग मी तुमच्या पाहुन्याकडे जातो. ही शाल काढून देतो, आनि सांगतो, मी समाधानी नाय."

चारुदत्त धावत बुधाजीशेठकडे गेले. सगळं ऐकून शेठचा चेहरा कसनुसा झाला. पंचवीस वर्षांत अशी वेळ त्यांच्यावर आली नव्हती. पण मंडळाच्या इज्जतीचा प्रश्न होता. ते ठमाबाईंसमोर आले, घसा खाकरला.

"वयनी, तसा फ्लॅट चांगला हाय. पन लिफ्ट... लिफ्ट कदी मधीच थांबते."

"कधी म्हणजे रोजच," महादेवशेठ मदतीला आले.

"गॅलरीत पावसाचा पानी आत येतं. उतार उलटा पडलाय."

"ड्रेनेजचं पण सांगा, शेठ."

"सांगतो ना! आनि किचन येवढा बारीक, का भाकरी थापायची तर कोपर बाहेर काढावा लागतं."

एकदा बांध फुटल्यावर शेठना थांबवता येईना. इतर सभासदही जमले आणि आपापल्या इमारतींचे अनुभव त्यात घालू लागले. कुणाच्या टाकीला तडा होता, कुणाच्या जिन्याची एक पायरी भलतीच उंच होती. हे सगळं ऐकायला मागे आणखी एक जण उभा आहे, हे फक्त चारुदत्तांना दिसलं. हातात ताटली घेतलेले पाहुणे अगदी मन लावून ऐकत होते. चारुदत्तांनी शेठच्या सदऱ्याची बाही ओढली, पण शेठ तोवर पार्किंगच्या खांबांपर्यंत पोहोचले होते.

ठमाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झाला?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं मी वाऱ्यापावसात मासली सुकवते. पाऊस आला का येकटी धावते, हे होडीत. तुमची गॅलरी गळते तर गळू दे." आणि त्यांनी नवऱ्यापुढे हात पसरला. दाजींनी एकदा चारुदत्तांकडे बघितलं, एकदा बुधाजीशेठकडे, आणि मुकाट्याने चावी त्या हातावर ठेवली.

ती पदराला बांधत ठमाबाई बुधाजीशेठना म्हणाल्या, "सोमवारी येते राहायला. आनि शेठ, पुढल्या वर्सी सत्कार ठेवाल तवा माइक माज्याकडं द्या."

पाहुण्यांनी ताटली बाजूला ठेवून डायरी काढली आणि चारुदत्तांना विचारलं, "पुढच्या वर्षी तारीख काय आहे हो? मी नक्की येतो."