इराणमध्ये नसल्याचा दाखला

जळगाव जिल्ह्यातून इराणला केळी पाठवायला कोणाचीही हरकत नाही. केळं हे अन्न आहे, आणि निर्बंध घालणाऱ्या थोर राष्ट्रांनी अन्न व औषध यांना मानवतेच्या दृष्टीने सूट दिलेली आहे. शब्द अन्नात मोडत नाहीत आणि औषधातही नाहीत. चोपडा रस्त्यावरचे केळीचे व्यापारी खाजाभाऊ बागवान यांना अकरा वर्षांच्या निर्यातीत ही बाब कधी जाणवली नव्हती. त्यांची मुलगी अरिबा हिला ती एका मंगळवारी समजली.

वडिलांचा परदेशी पत्रव्यवहार अरिबा सांभाळायची. पलीकडे, इराणच्या एका बंदरातल्या शीतगृहात फरजाना नावाची कारकून होती. सुरुवातीला दोघींचं बोलणं खोक्यांच्या संख्येपुरतं होतं. मग आईच्या गुडघ्यांवर आलं, आणि पुढे फरजानाच्या लिखाणावर. फरजाना स्वतःच्या नावाने इंटरनेटवर लिहायची. नळाला येणारं पिवळं पाणी, ते पिऊन दवाखान्यात पडलेली मुलं, पाइपाचं कंत्राट कोणाच्या भाच्याला गेलं, असं सगळं. तिथल्या अधिकाऱ्यांनी तिला दोनदा बोलावून दम दिला, तिच्या भावाला नऊ दिवस आत ठेवलं. पण लिखाण काही पुसता येईना, कारण ते एका परदेशी कंपनीच्या संगणकात होतं आणि तिथवर अधिकाऱ्यांचा हात पोचत नव्हता. असं सात वर्षं चाललं.

त्या मंगळवारी कंपनीचं पत्र आलं. ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील आमची निष्ठा अढळ आहे. निर्बंधांच्या पालनार्थ आपले खाते व त्यातील सर्व लेखन कायमचे काढून टाकण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

फरजानाने फोन केला. “त्यांना सात वर्षांत जमलं नाही, ते ह्यांनी एका पत्रात केलं.”

“पण का?”

“आमच्या सरकारवर दबाव यावा म्हणून.”

“मग आला का?”

“नगरपालिकेत आज मिठाई वाटली,” फरजाना म्हणाली. मग तिने विचारलं, “मी पाठवलेले लेख तुझ्याकडे आहेत ना? माझ्याकडे आता काहीच नाही.”

होते. एकशे बारा लेख अरिबाने त्याच कंपनीकडच्या स्वतःच्या खात्यात जपून ठेवले होते. तिने त्याच दिवशी कंपनीकडे रीतसर तक्रार केली. चाळीस सेकंदांत उत्तर आलं. ‘आपण इराणविषयी वारंवार संभाषण करता असे निदर्शनास आले आहे. आपण इराणमध्ये नाही, हे सक्षम प्राधिकाऱ्याच्या दाखल्यासह सिद्ध करावे. तोवर आपले खाते स्थगित राहील.’

त्याच खात्यात खाजाभाऊंच्या मालाचे सगळे कागद होते, आणि केळ्यांचा कंटेनर मुंबईच्या धक्क्यावर उभा होता. केळं कोणाच्या दाखल्यासाठी थांबत नाही.

बापलेक तालुक्याच्या कचेरीत गेले. दाखल्यांच्या टेबलावर तोताराम नावाचे लिपिक होते.

“रहिवासी दाखला देऊन टाकतो,” ते म्हणाले.

“तो पाठवला, भाऊ,” अरिबा म्हणाली. “त्यांचं म्हणणं, इथे राहता हे मान्य. पण तिथे नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.”

तोतारामांनी चष्मा काढला. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना एखाद्या खाजगी कंपनीविषयी आदर वाटला.

“मुद्दा बिनतोड आहे,” ते म्हणाले. “माणूस कुठे कुठे नाही, याचा आम्ही आजवर विचारच केला नव्हता. स्थळपाहणी लागेल.”

शुक्रवारी खाजाभाऊंच्या शेडसमोर पंचनामा झाला. पाच पंच जमले. त्यांत वयाने मोठे म्हणून उखर्डू आबांचा जबाब आधी घेण्यात आला.

“आबा, हे ठिकाण इराण आहे का?” तोतारामांनी विचारलं.

“इराण कोठे शे, ते माले माहीत नही,” आबा म्हणाले. “जठे व्हई तठे व्हई. हाई गाव आठेच शे.”

“आपण कधी इराण पाहिलंय?”

“नही.”

“मग हे इराण नाही, हे कशावरून?”

आबांनी रस्त्याकडे पाहिलं. समोरून चोपड्याची एसटी गेली. त्यांना एकाएकी आपल्याच गावाची खात्री वाटेनाशी झाली. शेवटी चार विरुद्ध शून्य मतांनी, आबा तटस्थ राहून, गाव इराणमध्ये नसल्याचं ठरलं. दाखला मिळाला: ‘सदर गाव जळगाव जिल्ह्यात असून आजमितीस इराणमध्ये आढळून आले नाही. हा दाखला सहा महिने वैध राहील.’ त्यानंतर गाव कुठे असेल, याची जबाबदारी कचेरीने घेतली नव्हती.

कंपनीचं समाधान झालं. खातं उघडण्याआधी फक्त एक हमीपत्र मान्य करायचं होतं: ‘निर्बंधित व्यक्तीचे लेखन वाचणे, जपून ठेवणे वा इतरांस सांगणे ही तिला पुरवलेली सेवा समजली जाईल. अशी सेवा मी देणार नाही. जपून ठेवलेले लेखन नष्ट करण्यास माझी संमती आहे.’

“अब्बा, तिचे एवढेच लेख उरलेत,” अरिबा म्हणाली.

“बेटा, माल धक्क्यावर आहे,” खाजाभाऊ खाली बघत म्हणाले. “घडच्या घड पिकून सडतील. मजुरांना काय सांगू?”

तिने ‘मान्य’ दाबलं. एकशे बारा लेख जायला तीन सेकंद लागले. त्या दिवशी ती जेवली नाही.

पंधरा दिवसांनी फरजानाचा फोन आला. अरिबाने जे केलं ते सांगून टाकलं. 

“केळी चांगली आली,” फरजाना म्हणाली. “तुझं खातं सुरू झालं ना? मग आता तू लिही. माझं नको, तुझ्या गावचं लिही. तुला तर कोणी अडवलेलं नाही.”

अरिबा लिहायला बसली. शेडच्या मागे पाण्याची नवी टाकी दोन वर्षांपासून उद्घाटनाच्या तारखेसाठी कोरडी उभी होती, आणि तिच्याच सावलीत बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या. तिने चार ओळी लिहिल्या. नावं घालून लिहिल्या.

खाजाभाऊंनी मागून वाचलं. “टाकी कोणाच्या माणसाने बांधली, माहीत आहे ना? सहा महिन्यांनी दाखला पुन्हा त्यांच्याच कचेरीतून घ्यायचाय, बेटा.”

कोणत्याही राष्ट्राने निर्बंध घातलेले नसताना, कोणत्याही कंपनीने पत्र पाठवलेलं नसताना, अरिबाने चारही ओळी स्वतःच्या बोटाने पुसल्या. पण पान कोरं ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तिथे एक गुलाब टाकला आणि खाली लिहिलं, ‘शुभ सकाळ, सदैव हसत राहा.’

दुपारपर्यंत दोनशे चौदा जणांनी त्याला अंगठा दाखवला. त्यातला एक तुमचा होता.