तात्यांची आडवी फळी

तामलवाडीचे तात्या मिस्त्री भेटले की रामराम करायच्या आधी समोरच्याची बोटं मोजतात. मोजतात नजरेनंच, पण ओठ हलतात. दहा भरली की मग विचारणार, "बरं हाय ना, गुरुजी?"

तात्या कडबा कुट्टीची मशिनं बनवतात आणि वाघाला भ्यावं तसे आपल्याच मशीनला भितात. गिऱ्हाईक आलं की माल दाखवायचा सोडून त्याला भिववतात. "ह्ये पातं बघा. वैरण कुठली आन् हात कुठला, ह्याला काय बी कळत न्हाय." निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरतात. नवं मशीन तयार झालं की जुन्या सदऱ्याच्या बाहीत कडबा भरायचा, वर बांगड्या चढवायच्या आणि ती बाही आत सारून बघायची, ही त्यांची परीक्षा. मी एकदाच पाहिली आणि दोन दिवस मला घास उतरला नाही.

त्यांचं पालुपद एकच : "माणूस दमलेलं धरा." सावध माणसाला म्हणे कसलंही मशीन चालतं. दिवसभर रानात राबून आलेली, म्हशीला शिव्या देत, न बघता पेंढी सारणारी बाई डोळ्यांपुढं ठेवून मशीन बनवावं.

आमच्या आईसाठी मशीन सांगितलं, तर तात्या आठवडाभर रोज गोठ्यात येऊन नुसते तिच्याकडं बघत बसले. आई वैतागली. "हे मिस्त्री म्हशीचं माप घ्यायलेत का माजं?"

मशीन आलं. तोंडापुढं छातीच्या उंचीला एक आडवी फळी होती. तिच्यावर अंगाचा जोर पडला की मोटार बंद. झकास! पण आई पेंढी सारायला वाकली की छाती फळीला टेकायची आणि मशीन थांबायचं. पाच मिनिटांत दहा वेळा. म्हशी हंबरायच्या, आई माझा उद्धार करायची. शेवटी मी, चांगला शिकलेला माणूस, सुतळी घेतली आणि फळी करकचून बांधून टाकली. मशीन सुरळीत चालू लागलं. मला माझ्या अकलेचं कौतुकही वाटलं.

पंधरवड्यानं तात्या सहज आले. आई पाठमोरी, मशीन चालू, बोलणं म्हशीशी आणि हात मशीनच्या तोंडाशी. तात्यांना सुतळी दिसली. मी हाक मारायला गेलो, तर त्यांनी माझं तोंड दाबलं. माणूस दचकलं की हात आत जातो, हे त्यांना ठाऊक होतं. आईचा पदर पात्याकडं सरकत होता आणि मला तेवढाच दिसत होता. तात्या पाय न वाजवता भिंतीपर्यंत गेले, बटण बंद केलं आणि पातं थांबेपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.

"तात्या, सुतळी मी बांधली," मी कसंबसं म्हणालो.

"तुमी न्हाय गुरुजी. म्या बांधायला लावली. धड वाकू न देणारी फळी कोण ठेवील?"

आईनं पाणी दिलं. मग ते बोलले. जळकोटच्या त्यांच्या बहिणीनं, सुंदरबाईंनीही, तात्यांनीच दिलेल्या मशीनची फळी अशीच बांधली होती. उजवा पंजा गेला.

"दवाखान्यात म्या तिलाच बोललो, बांधलीस कशाला म्हणून. तवापासून तिच्या दारात गेलो न्हाय. भ्या वाटतंय."

तात्यांनी फळी वीतभर पुढं, पात्याच्या बाजूला सरकवली. आता आईला वाकता येई, पण हात पात्याला पोचायच्या आत मशीन थांबे. आठवड्यानं त्यांनी विचारलं, "अक्का, बांधावी वाटली का?"

"न्हाय बा. ध्यानात बी आली न्हाय."

तात्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोटारसायकल काढायला लावली. जळकोटला बहिणीच्या दारापर्यंत आले आणि पुढं त्यांचं पाऊलच उचलेना. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. सुंदरबाई बाहेर आल्या. उजवा हात पदराखाली.

"सुंदे, फळीच चुकीची व्हती," तात्या म्हणाले. "तू न्हाय."

सुंदरबाईंनी डाव्या हातानं त्यांचा दंड धरला.

"एवढं सांगायला लई वरसं लावलीस रं दादा. चल आत, जेव आधी."